दोन संकटांमधली उसंत



पोवळे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले असते. सराफाच्या दुकानात, कोणाच्या अंगठीत किंवा एखाद्या जुन्या माळेत ओवलेले. ते टणक आणि गुळगुळीत असते म्हणून आपण त्याला खडा म्हणतो. पण तो खडा नाही. समुद्रात राहणाऱ्या एका चिमुकल्या प्राण्याने बांधलेला तो सांगाडा आहे. दागिन्यांतले लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. त्याचे दूरचे भाऊबंद उष्ण प्रदेशांतल्या उथळ समुद्रात कोट्यवधींच्या संख्येने एकत्र राहतात. एक पिढी मरते, तिच्या चुन्याच्या सांगाड्यावर दुसरी पिढी घर बांधते. असे हजारो वर्षे चालले की समुद्रात एक भिंत उभी राहते. तिला प्रवाळभित्ती म्हणतात. आपल्या देशातली लक्षद्वीपची बेटे अशाच प्रवाळांनी रचलेली आहेत.

मंठ्याच्या चर्चच्या पत्रिकेत प्रवाळांचे काय काम, असे कोणी विचारील. विचारणे योग्यच आहे. सर्वांत जवळचा समुद्रही आपल्यापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे, आणि आपल्यातल्या कित्येकांनी तो अजून पाहिलेलाही नाही. तरीही या रविवारी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. प्रवाळांवर आज जे ओढवले आहे, त्यात एक जुना नैतिक प्रश्न नव्या रूपात समोर येतो, आणि तो प्रश्न आपल्या शिवारातही उभा आहे. तो असा: एखादे संकट काही अंशी निसर्गाने आणले असेल व काही अंशी माणसाने, तर त्याची जबाबदारी कोणाची?

आधी प्रवाळांचे काय होते ते समजून घेऊ. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला निवारा देतो. प्रवाळाचा रंगही बहुतांशी याच शेवाळाचा असतो. हा संसार सुखाने चालतो, पण पाण्याची उष्णता वाढली की बिघडतो. उन्हाळ्यात त्या जागी नेहमी जितके तापमान असते, त्याहून एक अंश सेल्सिअस जास्त तापमान तीन-चार आठवडे टिकले, तर प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ बाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक शरीरातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळ पांढरे पडणे म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही. तो उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर शेवाळ परत येते आणि तो सावरतो. उष्णता दोन महिने टिकली, तर मात्र तो बहुधा मरतो.

हे आपल्या महाराष्ट्रातही घडलेले आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ आणि २०१५ या दोन्ही वर्षी मालवणचे प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद केली. तिथल्या प्रवाळांना केवळ उष्णतेचाच त्रास नाही. किनाऱ्यावरून येणारा गाळ, होड्यांचे नांगर आणि पाण्यात उतरून प्रवाळांवर पाय देणारे पर्यटक हेही आहेतच. लक्षद्वीपला तर १९९८, २०१० आणि २०१६ असे तीन मोठे फटके बसले, आणि २०२३ च्या अखेरीपासून २०२४ पर्यंत टिकलेल्या सागरी उष्णतेच्या लाटेने चौथा दिला.

ही सालवारी ऐकताना शेतकऱ्याच्या कानाला काही ओळखीचे लागते का? ती बरीचशी एल निनोची सालवारी आहे. एल निनो हे नाव आता आपल्या बांधावरही पोचले आहे. मे महिन्यात रेडिओवर ते ऐकले की माणसे बियाण्याचा हिशेब पुन्हा करतात. या नावाचा अर्थ मात्र थोड्यांना ठाऊक आहे. स्पॅनिश भाषेत एल निनो म्हणजे ‘बाळ’, आणि इथे बाळ म्हणजे बाळ येशू. पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला या नावाने ओळखत. पुढे ते नाव साऱ्या जगाच्या हवामानाला हलवणाऱ्या एका मोठ्या घटनेला मिळाले. प्रशांत महासागरावरचे नेहमीचे पूर्वेकडून वाहणारे वारे दर काही वर्षांनी, साधारण दोन ते सात वर्षांनी, मंदावतात. मग पश्चिमेला साठलेले गरम पाणी पूर्वेकडे सरकते, आणि त्यासोबत पावसाचे ढग कुठे जमायचे याचा सारा हिशेब बदलतो. अनेकदा आपला मोसमी पाऊस त्या वर्षी अशक्त होतो. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख म्हणून १९०४ साली आलेले गिल्बर्ट वॉकर आपल्या दुष्काळांचे कारण शोधत होते. ते शोधताना त्यांना प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा हा झोका सापडला. म्हणजे आपल्या उपासमारीच्या प्रश्नानेच शास्त्राला दूरच्या समुद्रापर्यंत नेले.

१९७२ चा दुष्काळ आपल्या घराघरात सांगितला जातो. सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडण्याची कामे, आणि त्यातूनच आकाराला आलेली रोजगार हमी योजना. ते एल निनोचे वर्ष होते. २०१५ हेही एल निनोचे वर्ष होते. त्या वर्षी देशात सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पाऊस झाला, आणि पुढच्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या गरम समुद्राने लातूरचे नळ कोरडे केले, त्याच समुद्राच्या उष्णतेने त्याच एप्रिलात लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पाडले. एवढे मात्र प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की हा हिशेब दरवेळी सरळ जुळत नाही. १९९७ साली एल निनो फार जोराचा होता, तरी आपला मोसमी पाऊस सरासरीइतका झाला. प्रवाळ मात्र पुढच्या वर्षी जगभर मेले. उलट २०१२ चा आपला दुष्काळ एल निनोच्या नावावर घालता येत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला अनिष्टाचे दोन प्रकार शिकवले होते. भूकंप, रोगराई, अवर्षण हे नैसर्गिक अनिष्ट. त्यात कोणाचा दोष नसतो, म्हणून पापाची भाषा तिथे लागू होत नाही. चोरी, खून, फसवणूक हे नैतिक अनिष्ट. त्यामागे माणसाची इच्छा असते, म्हणून तिथे दोष असतो. ही विभागणी शेकडो वर्षे उपयोगी पडली आणि आजही पडते. ‘तुझ्या पापामुळे तुझ्या रानात पाऊस पडला नाही,’ असे दुःखी माणसाला सांगणाऱ्यांची तोंडे तिने बंद केली. पण प्रवाळांच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते.

एल निनो माणसाने निर्माण केलेला नाही. कारखाने, मोटारी यांच्या कितीतरी आधीपासून तो येत-जात आहे. मग १९९८ पासून हा हाहाकार का? कारण ज्या समुद्रात तो येतो, तो समुद्र आता पूर्वीचा राहिला नाही. कोळसा आणि तेल जाळून आपण हवेत जी अधिकची उष्णता अडकवली, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेल्या २०२० च्या सरकारी अहवालाप्रमाणे, १९५१ ते २०१५ या काळात हिंदी महासागराच्या उष्ण पट्ट्यातील पृष्ठभागाचे तापमान सरासरीने सुमारे एक अंशाने वाढले. जगातल्या समुद्रांची त्या काळातली सरासरी वाढ सुमारे ०.७ अंश आहे. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण प्रवाळाची सहनशक्तीच मुळी एका अंशाची आहे, हे आपण वर पाहिले.

काठोकाठ भरलेल्या रांजणात कोणी एक तांब्या ओतला आणि पाणी सांडले, तर सांडण्याला जबाबदार कोण? तांब्या ओतणारा की रांजण काठोकाठ भरून ठेवणारा? निसर्ग दर काही वर्षांनी आपला तांब्या ओततो. पूर्वीही ओतायचा. तेव्हा रांजणात जागा होती.

एवढ्यावर विषय संपला असता, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. प्रवाळांचा अभ्यास करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे, आणि आम्हाला तीच सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातल्या शंभर प्रवाळक्षेत्रांचा इतिहास तपासला गेला. १९८० च्या सुमारास एखाद्या क्षेत्रावर असा तीव्र फटका साधारण पंचवीस-तीस वर्षांतून एकदा बसत होता. २०१६ पर्यंत हे अंतर सुमारे सहा वर्षांवर आले. आणि लवकर वाढणाऱ्या प्रवाळांनासुद्धा पुन्हा उभे राहायला दहा-पंधरा वर्षे लागतात. लक्षद्वीपमध्ये संशोधकांनी चोवीस वर्षे त्याच जागी पुन्हा पुन्हा मोजणी केली. १९९८ मध्ये तिथे समुद्रतळाचा सुमारे ३७ टक्के भाग जिवंत प्रवाळांनी झाकलेला होता. २०२२ पर्यंत तो १९ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मा झाला. या अभ्यासात असेही दिसले की प्रत्येक नव्या फटक्यात मरणाऱ्या प्रवाळांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी होते. उरलेले प्रवाळ जास्त काटक होते. तरी एकूण घट थांबली नाही, कारण सावरायला वेळ मिळाला नाही. सुमारे सहा वर्षे फटक्याविना गेली, तेव्हाच भरून येण्याचा वेग नीट वाढला.

म्हणजे प्रवाळ फटक्याने जितके मरतात, तितकेच दोन फटक्यांमधली उसंत गेल्याने मरतात.

हे वाक्य मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. एक दुष्काळ कुटुंब सोसते. दागिना गहाण पडतो, बैल विकला जातो, मुलीचे लग्न पुढे ढकलले जाते, आणि पुढच्या दोन चांगल्या हंगामांत घर पुन्हा उभे राहते. पण २०१२ ला पाऊस गेला, जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने हाती आलेले रब्बी झोपवले. त्याच वर्षी आणि पुन्हा २०१५ ला पाऊस कमी पडला. माणसे पहिल्या घावाने मोडली नाहीत. पहिला घाव भरायच्या आत दुसरा आणि तिसरा आला, तेव्हा मोडली. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. संकटाचे रूप बदलले, उसंत मात्र मिळाली नाही.

यावरून आम्हाला असे वाटते की दोष कोणाचा हा प्रश्न आपण थोडा वेगळा विचारायला हवा. ‘हा घाव कोणी घातला?’ असे विचारले, तर उत्तर येते: निसर्गाने. आणि सगळे सुटतात. ‘सावरायची उसंत कोणी हिरावली?’ असे विचारले, की माणूस समोर येतो. दुसऱ्याला घाव न घालताही त्याचे मोठे नुकसान करता येते. त्याला दम खाऊ द्यायचा नाही, एवढेच पुरते. सावकार दुष्काळ आणत नाही. तो फक्त मुदत देत नाही. मुकादम माणसाला आजारी पाडत नाही. तो फक्त आजाऱ्याला झोपू देत नाही.

जुन्या करारातल्या नियमशास्त्राला हे फार पूर्वी उमगले होते. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा द्यायला सांगितले आहे. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी कर्जातून सूट देण्याची आज्ञा आहे. साप्ताहिक विसाव्याच्या आज्ञेत तर चाकर आणि गुरेढोरेही आली. आपण या आज्ञांकडे धार्मिक विधी म्हणून पाहतो. पण त्यांच्या मुळाशी एक नैतिक जाण आहे. उसंत ही दान म्हणून द्यायची गोष्ट नाही, ती दुर्बळाचा हक्क आहे, आणि ती हिरावणे हा अन्याय आहे.

आता काही शंका. चर्चमधून बाहेर पडताना त्या कानावर येतातच.

पहिली शंका: ‘फादर, हवामान तर पूर्वीपासून बदलतेच. हे चक्र आहे.’ होय, चक्र आहे, आणि ते कोणी नाकारत नाही. पण चक्र आहे एवढ्याने आपण सुटत नाही. नदीला पूर येणे हे चक्र आहे; म्हणून कोणी नदीचे पात्र भराव घालून अरुंद केले आणि खालच्या वस्तीत पाणी शिरले, तर ‘पूर नेहमीच येतो’ हे उत्तर कोणी ऐकून घेईल का? उलट पूर नेहमी येतो हे ठाऊक असताना पात्र बुजवले, म्हणून दोष वाढतो. पूर्वी समुद्र तापतो हे माणसाला माहीत नव्हते. आता माहीत आहे. अ‍ॅरिस्टॉटलने न कळण्यातही फरक केला होता: काही गोष्टी माणसाला कळणे शक्यच नसते, आणि काही त्याने कळून घेतलेल्या नसतात. पहिले अज्ञान क्षम्य आहे, दुसरे नाही.

दुसरी शंका अधिक खरी आहे: ‘आमच्या घरी एक मोटारसायकल आणि दोन दिवे. समुद्र आम्ही तापवला का?’ नाही. हे स्पष्ट म्हटले पाहिजे. भारतातला माणूस वर्षाला सरासरी सुमारे दोन टन कार्बन डाय ऑक्साइड हवेत सोडतो. अमेरिकेतला सुमारे चौदा टन. भारतातही शहरातल्या श्रीमंताचा आणि मंठा तालुक्यातल्या शेतमजुराचा वाटा एक नाही. ‘आपण सगळेच दोषी’ असे म्हणणे वरवर नम्रपणाचे वाटते. पण त्यामुळे ज्याचा दोष मोठा आहे तो गर्दीत लपतो, आणि ज्याचा जवळजवळ नाही त्याच्या डोक्यावर ओझे येते. गरिबाला खोटी अपराधभावना देणे हेही पापच आहे.

पण दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला आपण मारलेले नसते, तरी त्याला उचलायची जबाबदारी तिथून जाणाऱ्याची असते. दोष मागे पाहतो: कोणी केले? जबाबदारी पुढे पाहते: आता कोणाच्या हातात काय आहे? हान्स योनास या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाने १९७९ च्या आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की जुनी नीती शेजारच्या, समोरच्या माणसापुरती पुरेशी होती, कारण माणसाचा हातच तेवढा पोचत होता. आता यंत्रामुळे हात दूरच्या देशांवर आणि पुढच्या पिढ्यांवर पोचतो. म्हणून जबाबदारीही तिथवर पोचली पाहिजे. ज्याचा हात लांब त्याची जबाबदारी मोठी, ज्याचा आखूड त्याची लहान. पण हात असलेल्या कोणाचीच शून्य नाही.

तिसरी शंका: ‘माणसे मरत असताना समुद्रातल्या किड्यांची काळजी कशाला?’ याला दोन उत्तरे आहेत. एक व्यवहाराचे. प्रवाळभित्ती समुद्रतळाच्या एका टक्क्याहूनही कमी जागेत आहेत, पण समुद्रातल्या सुमारे पाव जीवजाती कधी ना कधी त्यांच्या आश्रयाला असतात. मासे तिथे वाढतात, आणि त्या माशांवर कोळ्याचे घर चालते. लक्षद्वीपसारख्या बेटांवर हीच भित्ती लाटांचा जोर मोडते. ती झिजली तर बेटावरच्या माणसांच्या पायाखालची जमीनच झिजते. तेव्हा हा प्रश्न ‘किडा की माणूस’ असा नाही.

दुसरे उत्तर अधिक खोलातले आहे. समजा, प्रवाळांचा माणसाला काहीही उपयोग नसता, तर त्यांना मरू देणे चालले असते का? संत थॉमस अक्वायनस यांनी सृष्टीत इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या गोष्टी का आहेत असा प्रश्न घेतला आहे. त्यांचा विचार थोडक्यात असा: देवाचे चांगुलपण एकाच कोणत्या प्राण्यात मावणार नाही, एकात जे उणे राहते ते दुसऱ्यात दिसते, म्हणून सृष्टी अनेकविध आहे. हे मान्य केले, तर एखादी जात कायमची नाहीशी करणे म्हणजे जे सांगितले जात होते त्यातला एक शब्द खोडणे होय. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्याच्या ४१ व्या परिच्छेदात त्यांनी नेमके प्रवाळभित्तींचेच दुःख मांडले आहे, आणि तिथे फिलिपाइन्सच्या बिशपांच्या १९८८ च्या पत्राचा आधार घेतला आहे. ते बिशप समुद्रकाठच्या गरीब कोळ्यांचे मेंढपाळ होते. त्यांनी प्रवाळ आणि गरीब ही दोन दुःखे वेगळी मोजली नाहीत.

मग मंठ्यातल्या हाताला काय करता येईल? प्रवाळांसाठी थेट फारसे काही नाही, हे कबूल केले पाहिजे. हवामानशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०१८ च्या अहवालानुसार पृथ्वीची तापमानवाढ दीड अंशावर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळभित्ती जातील, आणि दोन अंशांवर गेली तर जवळजवळ सगळ्याच. २०२३ पासून सुरू झालेल्या जगातल्या चौथ्या मोठ्या लाटेत २०२५ पर्यंत सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला घातक उष्णतेची झळ पोचली होती. हे आकडे मोठ्या देशांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या निर्णयांवर हलतील. आपल्या एका दिव्याच्या बटणावर हलणार नाहीत. मत देताना, बोलताना, मुलांना शिकवताना आपण हे लक्षात ठेवू शकतो. कधी मालवणला सहल गेली, तर पाण्यात उतरून प्रवाळावर पाय ठेवणार नाही आणि तुकडा तोडून आणणार नाही, एवढे आपल्या हातात आहे. कायद्यानेही ते संरक्षित आहेत.

पण प्रवाळ आपल्याला जे शिकवतात, ते आपल्या शिवारात रोज लागू आहे. जुनी माणसे म्हणतात की बहात्तरला खायला नव्हते, पण विहिरीला पाणी होते. आता दुकानात धान्य असते, पण पाणी नसते. असे का झाले? आपल्या पायाखालचा काळा पाषाण पाणी फार साठवत नाही. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात जे मुरेल तेवढेच. ते आजच्या पावसाने भरते आणि उद्याच्या अवर्षणात उपयोगी पडते. तीच जमिनीची उसंत. गेल्या काही दशकांत आपण दोनशे फुटांवर पाणी लागेना म्हणून चारशेवर गेलो, चारशेवर लागेना म्हणून त्याहून खाली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमाने साठ मीटरहून खोल विहिरींवर बंधन घातले. ते बंधन कागदावर किती आणि शिवारात किती, हे आपणच जाणतो. पाऊस कमी पडणे आपल्या हातात नाही. पण चांगल्या वर्षी जमिनीला भरू न देणे हे आपले कृत्य आहे. शेजाऱ्याच्या जुन्या विहिरीचे पाणी माझ्या नव्या बोअरने ओढले, तर मी त्याच्यावर दुष्काळ आणलेला नाही. पण दुष्काळात तग धरायचा त्याचा आधार मी काढून घेतला आहे. समुद्राच्या बाबतीत मोठी राष्ट्रे लक्षद्वीपशी जे करतात, तेच लहान प्रमाणात इथे घडते. तिथला अन्याय आपल्याला चटकन दिसतो, कारण तिथे आपण खालच्या बाजूला असतो.

म्हणून या आठवड्यात आम्ही तुमच्यापुढे तीन गोष्टी ठेवतो. ज्यांच्या शेतात पडीक विहीर किंवा कोरडे बोअर आहे, त्यांनी येत्या पावसाळ्याआधी आजूबाजूचे पाणी गाळून त्यात सोडण्याचा विचार करावा. ज्यांनी हे केले आहे त्यांनी रविवारी मिस्सानंतर थांबून इतरांना सांगावे. ज्यांना नवे बोअर घ्यायचे आहे, त्यांनी मशीन बोलावण्याआधी शेजारच्या विहिरीच्या मालकाशी एकदा बसून बोलावे. तिसरी गोष्ट जड आहे. आपल्यापैकी काहींनी नातेवाइकांना, शेजाऱ्यांना उसने पैसे दिलेले आहेत. ज्याचे पीक गेले, त्याला एका हंगामाची मुदत द्यावी, आणि तीही त्याने दारात येऊन मागण्याआधी. ज्याला स्वतःलाच अडचण आहे, त्याच्यासाठी हे नाही. ज्याला शक्य आहे त्याला आपण कोण ते ठाऊक आहे.

दर रविवारी आपण काम बाजूला ठेवून एकत्र येतो. हा विसावा आपल्याला आज्ञा म्हणून मिळाला, तसाच भेट म्हणूनही मिळाला. तो दुसऱ्यालाही मिळावा, शेजाऱ्याला, जमिनीला, आणि आपण कधी पाहणार नाही अशा समुद्रातल्या त्या चिमुकल्या जीवांनाही, हे मागणे या रविवारच्या प्रार्थनेत जोडू या.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू